एकच प्रत

इंग्लंडमधल्या गेडनच्या मोटार संग्रहालयात त्या हिरव्या गाडीपाशी पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा माझी नजर तिच्या चाकांवरच्या कमानींवर अडकली. पत्रा चाकाभोवती वळतो तिथे त्याची कड किंचित बाहेर काढलेली आहे. बाकीच्या अंगावर असा थांबा कुठेच नाही. नाकापासून शेपटीपर्यंत एक वळण संपतंय म्हणेपर्यंत दुसरं त्यातूनच निघालेलं असतं. पिंपरी-चिंचवडमध्ये लहानाचा मोठा झाल्यामुळे पत्रा, साचा, प्रेस, डेंटिंग हे शब्द माझ्या कानांवर शाळेच्या धड्यांइतकेच पडलेले. म्हणूनच असेल, सगळं सोडून मी ती कडच बघत राहिलो.

१९६६ साली ही गाडी बनली तेव्हा तिला ही कड नव्हती. ती नंतर आली, दुसऱ्या जन्मात. समोर उभी आहे ती जग्वार एक्सजे १३. जगात तिची एकच प्रत निघाली, ती एकदाही शर्यतीत उतरली नाही, आणि ती एकुलती प्रतही जशीच्या तशी उरलेली नाही. हे तिसरं दुःख लोकांना फारसं माहीत नसतं. खुद्द जग्वारने मात्र ते लपवलेलं नाही: आज दिसते ती गाडी मूळ गाडीची तंतोतंत प्रतिकृती नव्हे, असं कंपनीनेच सांगून ठेवलं आहे.

लेकीकडे कॉव्हेंट्रीला राहायला गेलो की गेडनची एक फेरी ठरलेली असते. तिथे लोक या गाडीपुढे थांबतात, सुंदर आहे म्हणतात, फोटो काढतात. ती धावली का नाही, हा प्रश्न त्यानंतरचा. त्याचं उत्तर शोधताना मला एका कंपनीपेक्षा एका वळणाची गोष्ट सापडली. चार माणसांनी मनापासून, फावल्या वेळात, एकच गाडी घडवावी आणि ती जगातल्या सगळ्यांत मोठ्या शर्यतीत नेऊन जिंकावी, हे ज्या काळात शक्य होतं तो काळ नेमका ती घडत असतानाच संपत होता.

कॉव्हेंट्री हे कारखान्यांचं गाव. आधी सायकली, मग मोटारी, मग विमानांची इंजिनं. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात गावाचा मध्यभाग जळाला. त्या वर्षांत कारखान्यांच्या गच्च्यांवर आगीवर लक्ष ठेवायला रात्रीचा पहारा असे. जग्वारचे संस्थापक विल्यम लायन्स यांच्या कारखान्यात त्या पहाऱ्याला स्वतः लायन्स, मुख्य अभियंता विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली एकत्र बसत. युद्ध संपल्यावर कोणतं इंजिन बनवायचं याची चर्चा त्या रात्रींमध्ये झाली. त्यातून सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन आलं आणि पुढे जग्वारचं सगळं वैभव त्यावर उभं राहिलं. ही नावं लक्षात ठेवा. वीस वर्षांनी यांतलीच माणसं पुन्हा एका इंजिनावर झुकलेली दिसतात.

एक्सके इंजिन घेऊन जग्वारने फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत १९५१ आणि १९५३ साली सी-टाइप गाडीने, तर १९५५, १९५६ आणि १९५७ साली डी-टाइपने जिंकली. त्यातला १९५५चा विजय आठवावासा वाटू नये असा. त्या शर्यतीत एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. शर्यतीच्या थोडं आधी, ल माँकडे निघालेला लायन्स यांचा एकुलता मुलगा जॉन फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या अपघातात मरण पावला होता. पुढच्या वर्षी कंपनीने कारखान्यातर्फे शर्यतीत उतरणं थांबवलं. १९५७चा विजय एका स्कॉटिश खासगी संघाने मिळवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली आणि शर्यतीच्या उरलेल्या गाड्यांपैकी काही जळाल्या. लायन्स यांनी मुलाच्या मृत्यूचा आणि पुढच्या निर्णयांचा संबंध जोडल्याचं मी कुठे वाचलेलं नाही, म्हणून मीही जोडत नाही. पण शर्यतीच्या गाडीला ‘हो’ म्हणताना हा माणूस इतका का अडखळत होता, हे समजून घेताना ती तारीख मला विसरता येत नाही.

हेन्स यांचं मन मात्र ल माँमधून निघालं नव्हतं.

दरम्यान शर्यतीच्या गाडीचं अंगच बदललं होतं. पूर्वी इंजिन चालकाच्या पुढे असे, बैलगाडीला बैल पुढे असतात तसं. कूपर या छोट्या इंग्लिश कंपनीने ते चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या थोडं पुढे बसवलं आणि १९५९, १९६० अशी दोन वर्षं फॉर्म्युला वनचं विजेतेपद नेलं. कारण साधं आहे. बादलीभर पाणी हात लांब करून धरलं तर वळताना आपण भेलकांडतो, तेच पोटाशी धरलं तर पटकन वळता येतं. गाडीतलं सगळ्यांत जड ओझं म्हणजे इंजिन. ते मध्याच्या जवळ आलं की गाडी वळणात लवकर शिरते. शिवाय पुढे इंजिन नसल्यामुळे नाक खाली आणता येतं, आणि मागच्या चाकांवर वजन असल्याने ताकद रस्त्यावर नीट उतरते. ल माँमध्ये अशी गाडी पहिल्यांदा जिंकली ती १९६३ साली, फेरारीची. त्यानंतर पुढे इंजिन असलेल्या गाडीने तिथे जिंकण्याची आशा उरली नाही.

तेव्हा हेन्स यांना हवं होतं इंजिन आणि हवी होती गाडी. इंजिनाचा आराखडा क्लॉड बेली यांनी आखला. सहा-सहा सिलिंडरच्या दोन रांगा, मध्ये ६० अंशांचा कोन, प्रत्येक रांगेवर दोन अशा चार कॅमशाफ्ट. सिलिंडरचा व्यास ८७ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७० मिलिमीटर. बारांची बेरीज ४९९४ सीसी, म्हणजे पाच लिटरला जेमतेम सहा सीसी कमी. १९६४च्या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा चाचणीच्या बाकावर सुरू झालं. पुढे त्यातून मिनिटाला ७६०० फेऱ्यांवर ५०२ अश्वशक्ती मिळाली. एक बारा सिलिंडरचं इंजिन मार्क टेन या लांबरुंद घरगुती जग्वारमध्ये बसवून रस्त्यावरही फिरवलं गेलं. त्या दिवसांत कॉव्हेंट्रीच्या रस्त्यावर शेजारून निघून गेलेल्या त्या गाडीच्या बॉनेटखाली काय आहे, हे बघणाऱ्याला कळायची सोय नव्हती.

आणि गाडीचा आकार? तो दिला माल्कम सेयर यांनी. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण या गाडीकडे बघताना आपण खरं तर त्यांचं गणित बघत असतो.

सेयर नॉरफोकमधल्या क्रोमरचे, जन्म १९१६चा. युद्धकाळ त्यांनी ब्रिस्टलच्या विमान कंपनीत काढला. नंतर काही काळ बगदादला अभियांत्रिकी शिकवण्याच्या कामावर गेले आणि परतल्यावर जग्वारमध्ये आले. सी-टाइप त्यांची, डी-टाइप त्यांची, १९६१ साली जिनिव्हात झळकलेली ई-टाइपही त्यांचीच. आपल्याला कोणी ‘स्टायलिस्ट’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. ते स्वतःला वायुगतितज्ज्ञ म्हणवत. इतर कारखान्यांत आकार ठरवणारा माणूस मातीच्या प्रतिकृतीवर हात फिरवत डोळ्यांनी रेषा पारखी. सेयर कागद, स्लाइड रूल आणि लॉग टेबल घेऊन बसत. गाडीच्या प्रत्येक वळणाचं समीकरण, त्या समीकरणातून एकेक बिंदूचा आकडा, आणि आकड्यांच्या लांबच लांब रांगा. ते बिंदू पूर्ण आकाराच्या कागदावर मांडून जोडले की गाडी उमटे. मग तयार गाडीवर लोकरीचे छोटे तुकडे चिकटवून ती पळवायची आणि हवा अंगावरून कुठे चिकटून जाते, कुठे उधळते ते त्या धाग्यांच्या फोटोंत बघायचं. संगणक नसलेल्या काळात एका माणसाने हे सगळं हाताने केलं. ही गाडी इतकी एकसंध का दिसते, तर तिचा प्रत्येक बिंदू शेजारच्या बिंदूशी गणिताने बांधलेला आहे म्हणून. सुंदर दिसायचं म्हणून त्यांनी एकही रेषा ओढली नसावी, असं मला मनापासून वाटतं.

गाडीचं प्रत्यक्ष काम १९६५च्या मध्यावर सुरू झालं आणि मार्च १९६६मध्ये संपलं. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचीच पेटी, तीच चासी. मागच्या बाजूला वेगळी चौकट नाहीच: इंजिन आणि त्याला जोडलेला जर्मन झेडएफ कंपनीचा पाच गिअरचा डबा, हेच गाडीचं मागचं हाड. मागच्या चाकांचा भार त्या इंजिनाने पेलायचा. लोटस ४९ या फॉर्म्युला वन गाडीने १९६७च्या जूनमध्ये ही पद्धत जगभर नेली, तिच्या वर्षभर आधी ब्राउन्स लेनच्या एका बंद खोलीत ती तयार उभी होती. अंगाचा पत्रा घडवला कॉव्हेंट्रीच्याच अॅबी पॅनल्स या कारखान्याने. साच्यावर बसवून, हातोडीने आणि चाकावर फिरवून. मोजणारा सेयर यांच्यासारखा असला की ठोकणाऱ्याची परीक्षा असते. कागदावरचा बिंदू पत्र्यावर आणताना केसभर चूक झाली तरी त्या अंगावर ती लपायला जागा नाही.

आणि मग ती झाकून ठेवली गेली.

१९६६च्या जुलैमध्ये जग्वारने बीएमसी या मोठ्या ब्रिटिश मोटार कंपनीत विलीन व्हायचं ठरवलं होतं. कंपनीतल्या प्रत्येक अभियंत्यासमोर नव्या सलून गाडीचं, म्हणजे पुढच्या एक्सजे ६चं काम होतं. पोट त्याच गाडीवर चालणार होतं. शर्यतीचा वेगळा विभाग उरला नव्हता. ज्यांच्या हाताला दुसरं काम नसेल त्यांनी, जमेल तेव्हा, असंच एक्सजे १३चं होत आलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये फोर्डने सात लिटरच्या गाड्यांनी ल माँमधले पहिले तिन्ही क्रमांक नेले. फोर्डच्या मागे अमेरिकेतला पैसा होता, संघ होते, गाड्यांचे ताफे होते. ब्राउन्स लेनमध्ये एक गाडी आणि तिच्यावरचं कापड.

तिला पहिल्यांदा पळवलं नॉर्मन ड्यूइस यांनी. जग्वारचे मुख्य चाचणीचालक, कॉव्हेंट्रीतच जन्मलेले, चौदाव्या वर्षी कारखान्यात लागलेले, युद्धात ब्लेनहाइम विमानात तोफेवर बसलेले. १९५३ साली बेल्जियममधल्या याबेकेच्या रस्त्यावर त्यांनी एक्सके १२० गाडी ताशी १७२.४ मैलांनी, म्हणजे २७७ किलोमीटरच्या वेगाने नेली होती. मार्च १९६७मधल्या एका रविवारी सकाळी, मालकांची परवानगी न घेता, मोजक्या सहकाऱ्यांबरोबर ही गाडी आपण नन्ईटनजवळच्या मायरा चाचणीमार्गावर नेली, असं ते पुढे सांगत. सोमवारी लायन्स यांचं बोलावणं आलंच. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. पण रागावणं बाजूला राहिलं आणि गाजावाजा न करता चाचण्या चालू ठेवायला त्यांनी मुभा दिली. ड्यूइस यांच्या तोंडून ही गोष्ट लोकांनी अनेकदा ऐकली. नव्वदी ओलांडल्यावरही ते ती सांगत असत.

मायरा हा जुन्या विमानतळावर बांधलेला मार्ग. त्याची वेगाची वाट त्रिकोणी, साधारण साडेचार किलोमीटरची, आणि तिन्ही कोपरे आतल्या बाजूला उतरते. डेव्हिड हॉब्ज या शर्यतचालकाला तिथे बोलावलं गेलं. त्याने पूर्ण फेरी ताशी १६१.६ मैलांच्या, म्हणजे २६० किलोमीटरच्या सरासरीने मारली. फेरी मिनिटापेक्षा जेमतेम दोन-तीन सेकंद जास्त. याच वेगाने पुण्याहून निघालं तर पंधरा मिनिटांत लोणावळा. ब्रिटनमधल्या बंदिस्त मार्गावरच्या फेरीचा हा सर्वाधिक सरासरी वेग पुढची ३२ वर्षं कोणी मोडला नाही. मोडला तो मॅकलारेन एफ १ने, शतक संपता संपता. १९६७च्या उन्हाळ्यात सिल्व्हरस्टोनच्या मार्गावरही हॉब्ज आणि रिचर्ड ॲटवुड यांनी तिला तपासून पाहिलं.

मग नियम बदलले. ल माँच्या गाड्या फार वेगवान झाल्या म्हणून, १९६८पासून प्रायोगिक गाड्यांना तीन लिटरची मर्यादा घातली गेली. पाच लिटरचं इंजिन चालेल, पण त्या गाडीच्या किमान ५० प्रती बनवलेल्या हव्यात. पुढच्या वर्षी ही अट २५वर आली. एक्सजे १३ची कथा बहुतेक ठिकाणी इथे, नियमाने दार बंद केलं, अशी संपवतात. मला ते पुरतं खरं वाटत नाही. नियमात पाच लिटरसाठी दार होतं. पोर्शने ते पाहिलं आणि १९६९च्या वसंतात ९१७च्या २५ गाड्या एका रांगेत उभ्या करून दाखवल्या. १९७० साली त्या ९१७ने ल माँ जिंकली, तेव्हा तिच्या दोन चालकांपैकी एक होता रिचर्ड ॲटवुड. तीन वर्षांपूर्वी सिल्व्हरस्टोनला एक्सजे १३च्या चाकामागे बसलेला तोच.

दार होतं, पण ते २५ गाड्यांच्या रुंदीचं होतं. जग्वारकडे एक होती.

आणि समजा १९६७लाच ती ल माँला नेली असती तर? या गाडीवर माझं प्रेम आहे, तरी मला वाटतं ती जिंकली नसती. त्या वर्षी फोर्डने ताशी २१८ किलोमीटरच्या सरासरीने चोवीस तास काढले. एक्सजे १३ त्या वेगाला पोहोचली असती, पण चोवीस तास टिकण्यासाठी लागणाऱ्या चाचण्या तिच्या झालेल्याच नव्हत्या. त्याहून मोठं कारण तिच्या आकारात आहे. सेयर यांचं सगळं गणित हवेतून कमीत कमी अडथळ्याने निसटण्याचं. ल माँच्या लांब सरळ रस्त्यावर डी-टाइपने त्याच जोरावर बाजी मारली होती. पण १९६६-६७मध्ये टायर रुंद होत होते आणि टेक्साससारख्या दूरच्या ठिकाणी जिम हॉल आपल्या शापराल गाड्यांवर उंच पंख बसवून हवेलाच गाडी रस्त्यावर दाबायला लावत होता. वेग सरळ रस्त्याकडून वळणाकडे सरकत होता. हवेला चुकवण्याच्या विद्येतली ही सगळ्यांत पूर्ण झालेली गाडी, आणि ती पूर्ण झाली तेव्हा हवेला राबवण्याची विद्या सुरू झाली होती. म्हणून तिच्यावर पंख नाही, पट्टी नाही, खाच नाही. आपल्या डोळ्यांना जे निखळ वाटतं ते त्या वर्षी मागे पडत चाललं होतं.

इंजिनाचं नशीब वेगळं निघालं. हॅसन आणि अभियंता हॅरी मंडी यांनी बेली यांच्या चार कॅमशाफ्टच्या रचनेशेजारी एक साधी रचना मांडली: प्रत्येक रांगेवर एकच कॅमशाफ्ट आणि सपाट हेड. शर्यतीच्या फेऱ्यांना ती कमी पडे, पण रोजच्या रस्त्यावर गाडी ज्या फेऱ्यांत चालते तिथे तिचा जोर जास्त, आवाज कमी, वजन कमी. कंपनीने तीच निवडली. व्यास ९० मिलिमीटर, ५३४३ सीसी. १९७१ साली हे इंजिन ई-टाइपमध्ये आलं आणि १९९७पर्यंत बनत राहिलं. १९८८ साली, ३१ वर्षांच्या खंडानंतर, जग्वारने ल माँ जिंकली ती याच बारा सिलिंडरच्या घराण्यातल्या, सात लिटरपर्यंत वाढवलेल्या इंजिनाने.

ई-टाइपमधल्या त्या नव्या इंजिनाच्या जाहिरातीसाठी एक चित्रफीत काढायचं ठरलं, आणि इथे एक्सजे १३चा घात झाला. सेयर तोवर गेले होते. एप्रिल १९७०मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, हृदयविकाराने. जानेवारी १९७१मध्ये गाडीवरचं कापड काढून तिला पुन्हा मायराला नेलं. चित्रफितीच्या सुरुवातीला ही हिरवी गाडी उतरत्या वळणावरून गर्जत यावी अशी कल्पना. चालवायला पुन्हा ड्यूइस. एक टायर खराब आहे, जोरात पळवू नका, असं कंपनीचे संचालक लॉफ्टी इंग्लंड यांनी बजावलेलं होतं. तरी ती जोरात पळवली गेली. ताशी सुमारे सव्वादोनशे किलोमीटरच्या वेगात, वळणाच्या उतरणीवर, मागचं एक चाक ढासळलं. गाडी मार्ग सोडून आतल्या मातीत गेली आणि कोलांट्या घेत राहिली. ड्यूइस यांनी इंजिन बंद केलं आणि उघड्या गाडीत जितकं खाली सरकता येईल तितकं डॅशबोर्डाखाली सरकून पडून राहिले. गाडी थांबली तेव्हा पत्र्याचा चोळामोळा झाला होता. ड्यूइस बाहेर आले ते जवळजवळ न खरचटता. त्यानंतर ते ४८ वर्षं जगले. २०१९च्या जूनमध्ये गेले तेव्हा ९८ वर्षांचे होते.

ज्याचा आकार होता तो माणूस नाही, आणि आता आकारही नाही. अवशेष ब्राउन्स लेनला आणून एका कोपऱ्यात ठेवले.

पुढे अॅबी पॅनल्सच्या एडवर्ड लोड्स यांना ते अवशेष दिसले. त्यांच्याच कारखान्याने हा पत्रा पहिल्यांदा घडवला होता, आणि त्या वेळच्या साच्यांपैकी काही अजून जागेवर होते. आम्ही ही पुन्हा बांधून देतो, असं त्यांनी लॉफ्टी इंग्लंड यांना सांगितलं. जग्वारला त्याचा खर्च आला १००० पाउंड. त्या काळीही एवढ्या कामाला ही रक्कम नाममात्रच. उरलेले साचे वापरले, नव्हते तिथे अंदाजाने घडवलं, आणि चाकांवरच्या कमानींना ती कड आली. गेडनला मी पाहिली ती. आधी ती मला चूक वाटली होती. आता वाटतं, संपूर्ण गाडीवर गणिताबाहेरची अशी हीच एक जागा, आणि ती पत्रा ठोकणाऱ्यांची आहे.

२ जून २००८ रोजी टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर फोर्डकडून २३० कोटी डॉलरला घेतल्या. त्या दिवसापासून पिंपरीच्या कारखान्याचं आणि कॉव्हेंट्रीचं घर एक झालं. गेडनच्या संग्रहालयाला लागूनच जग्वार लँड रोव्हरचं मोठं अभियांत्रिकी केंद्र आहे. तिकडून परत येताना बसमध्ये मराठी ऐकू आलं तर मला आता आश्चर्य वाटत नाही. ही गाडी मात्र जग्वारचा वारसा सांभाळणाऱ्या विश्वस्त संस्थेची आहे.

दुरुस्तीनंतर ती लोकांसमोर पहिल्यांदा आली जुलै १९७३मध्ये, सिल्व्हरस्टोनला. तोवर जगातल्या फार थोड्यांनी तिला पाहिलं होतं. चाकामागे लॉफ्टी इंग्लंड स्वतः बसले. हा उंच माणूस युद्धाआधी राजपुत्र बिरा यांच्यासारख्या शर्यतवीरांच्या गाड्यांचा मेकॅनिक होता. ल माँच्या विजयांच्या काळात तो जग्वारच्या शर्यत संघाचा व्यवस्थापक होता, आणि लायन्स निवृत्त झाल्यावर कंपनीचा प्रमुख झाला. त्या दिवशी मार्गावर पुढे-मागे दुसरी स्पर्धक गाडी नव्हती. जग्वार सोडायला त्याला सहा-सात महिने उरले होते. त्याने ती सावकाश नेली, बारा सिलिंडरचा आवाज प्रेक्षकांच्या बाकांवरून फिरवून आणला, आणि परत आणून उभी केली.